बाण कुठून निघतो?

अकरावीला ऑर्गॅनिक सुरू होणार म्हटलं, की मुलं आधी स्टेशनरीच्या दुकानात जातात. चार रंगांची पेनं, जाडजूड वही आणि कुण्या सीनिअरकडून मिळवलेली रिॲक्शन चार्टची झेरॉक्स. माझ्या नीटच्या बॅचला तो चार्ट मी सुरुवातीला बॅगेतच ठेवायला सांगतो. त्यातलं उत्पादन बरोबर असतं. पण इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले, ते कळत नाही.

आम्ही पेन्सिलीने सुरुवात करतो. ब्यूटेन काढा, ॲसिटोन काढा, बेंझॉइक ॲसिड काढा. आधी सगळे अणू दाखवून, मग नुसत्या नागमोडी रेघांनी. वर्गात एक फेरी मारली की हमखास पाच बंधांचा कार्बन सापडतो. रेघांच्या आकृतीत हायड्रोजन दिसत नाहीत, म्हणून ते मोजायचे राहून जातात. मग प्रत्येक कोपऱ्यावर थांबून चारचा हिशेब पुरा करायचा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

पुढे जीओसी, म्हणजे जनरल ऑर्गॅनिक केमिस्ट्री. इथे मी आम्लांची तुलना करायला लावतो. ॲसिटिक ॲसिडचा पीकेए 4.76, क्लोरोॲसिटिकचा 2.87. “सर, आकडा कमी तर ॲसिड जास्त स्ट्राँग कसं?” दर वर्षी कुणीतरी विचारतंच. हा लॉगचा हिशेब आहे: पीकेए एकाने उतरला की तीव्रता दहापट चढते. एका क्लोरीनमुळे आम्ल सत्तर पटींहून जास्त तीव्र झालं, कारण क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋणभार विरळ होतो. इथेनॉलचा पीकेए 16च्या आसपास, फिनॉलचा 10च्या. फिनॉलमध्ये तो भार बेंझीनच्या कड्यात वाटला जातो. इंडक्टिव्ह इफेक्ट आणि रेझोनन्स या दोन जोड्यांतून समजले, तर पुढची अर्धी वाट सोपी होते.

मग वक्र बाण. केर्मॅक आणि रॉबिन्सन यांनी 1922 मध्ये वापरात आणलेली ही खूण इलेक्ट्रॉनच्या जोडीची वाटचाल दाखवते. प्रोपीन आणि एचबीआर दिलं, की बरीच मुलं हायड्रोजनपासून दुहेरी बंधाकडे बाण काढतात. दिशा उलटी हवी. इलेक्ट्रॉन दुहेरी बंधाकडे आहेत, तिथूनच बाण निघणार. हायड्रोजन टोकाच्या कार्बनला जोडला गेला, की धनभार मधल्या कार्बनवर येतो. तो तिथे जास्त स्थिर असतो, म्हणून ब्रोमीन मध्ये बसतं: 2-ब्रोमोप्रोपेन. पेरॉक्साइड घातलं तर 1-ब्रोमोप्रोपेन. चार्टमध्ये हे ‘मार्कोनिकॉव्ह’ आणि ‘अँटी-मार्कोनिकॉव्ह’ असे दोन वेगळे नियम असतात. कागदावर मात्र कारण एकच निघतं. पेरॉक्साइड असताना ब्रोमीनचा अणू आधी जोडला जातो, आणि तोही टोकालाच, कारण रॅडिकलसुद्धा मधल्या कार्बनवरच जास्त स्थिर असतो.

पाठांतर यातून सुटत नाही. पीसीसी प्रायमरी अल्कोहोलला अल्डिहाइडवर थांबवतं, पोटॅशियम परमँगनेट थेट आम्लापर्यंत नेतं, हे लक्षातच ठेवावं लागतं. एनसीईआरटीचं पुस्तक तर ओळ न ओळ वाचायचं. नीटला रसायनशास्त्राचे 45 प्रश्न. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. तिथे अंदाज महाग पडतो.

म्हणून बॅगेतला चार्ट बाहेर काढायची माझी एकच अट असते. मी फळ्यावर प्रोपीनऐवजी दुसरा अल्कीन लिहितो. उत्तर सांगण्याआधी ज्याची पेन्सिल दुहेरी बंधावर टेकते, त्याने चार्ट खुशाल बाहेर काढावा आणि बारावीचं हॅलोअल्केन्सचं प्रकरणही उघडावं.