वाऱ्याकडे पाठ, डावा हात आडवा

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायचा आणि किंचित पुढे आणायचा. आपल्या उत्तर गोलार्धात बोट जिकडे रोखलं जाईल, तिकडे वादळाचा डोळा. मग तो दोनशे किलोमीटरवर का असेना! वादळ ऐन जोरात हवं आणि वाऱ्याच्या वाटेत डोंगराचा आडोसा नको, एवढ्याच अटी. हा नियम डच हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १८५७ मध्ये मांडला, आणि उपग्रह नव्हते त्या काळात कित्येक कप्तानांनी त्याच्या भरवशावर आपली गलबतं वाचवली.

कोकणातल्या पूर्णगडाचा तट या प्रयोगासाठीच बांधला की काय, असं वाटतं. मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या उत्तर अंगाला, टेकडीवर हा जांभ्याचा चिमुकला किल्ला बसलाय. पलीकडे गावखडीची पुळण आणि सुरूचं बन, समोर उघडा दर्या. आडोसा म्हणून काही नाहीच. इथून वादळाचा डोळा प्रत्यक्ष दिसणं जवळपास अशक्य, कारण अरबी समुद्रातली बहुतेक वादळं एकतर ओमान-येमेनकडे वळतात, नाहीतर कोकणाला समांतर वर सरकत गुजरात गाठतात. पूर्णगडाच्या वाट्याला येते ती वादळाची कूस.

आणि गोम तिथेच आहे, कारण ती कूस उजवी असते.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. भोवऱ्यासारखं फिरता फिरता ते पुढेही सरकत असतं. समजा, फिरण्याचा वेग ताशी १०० किलोमीटर आणि सरकण्याचा २०. वादळ उत्तरेला निघालंय. त्याच्या उजवीकडे वारा उत्तरेलाच वाहतोय, म्हणजे ढोबळमानाने १०० अधिक २०. डावीकडे तो दक्षिणेला वाहतोय, म्हणजे १०० उणे २०. आता हे १२० आणि ८० शेजारी ठेवून पाहा. फरक दीडपटीचा वाटतो, पण कौलांवर आणि झाडांवर पडणारा वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. दीडचा वर्ग सव्वादोन. एकाच वादळात, एकाच वेळी, उजवीकडच्या माडाला डावीकडच्या माडापेक्षा सव्वादोन पट धक्का! शिवाय उत्तरेला निघालेल्या वादळाच्या उजव्या कुशीतला वारा डोळा पुढे सरकला की समुद्रावरून किनाऱ्याकडे वळतो आणि पाणी आत लोटतो, डावीकडचा ते बाहेर ढकलतो.

३ जून २०२० चा दिवस आठवा. निसर्ग वादळ येणार म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांची तोंडं मुंबईकडे होती. वादळ ईशान्येला सरकत दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. १८९१ पासूनच्या नोंदींत जून महिन्यात महाराष्ट्राला धडकलेलं हे सर्वांत तीव्र वादळ. मुंबई त्याच्या डाव्या हाताला राहिली आणि थोडक्यात सुटली. उजव्या हाताला कोण होतं? मंडणगड आणि दापोली. तिथल्या वाड्यांमध्ये पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. पोफळ उंच, सडपातळ, मुळं उथळ. पुन्हा लावली तर फळाला यायला पाच-सात वर्षं तरी हवीत. त्याच दिवशी, डोळ्यापासून खूप दक्षिणेला, रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे तेलवाहू जहाज येऊन आदळलं. खलाशी वाचले, जहाज मात्र पुढची काही वर्षं तिथेच रुतून राहिलं. रत्नागिरीकर ते बघायला सहकुटुंब जात.

डावं-उजवं हे गणित बंदरावरच्या बावट्यातही लपलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि आकडा जितका मोठा तितका धोका मोठा, असं समजून पान उलटतो. खरी गंमत पाच, सहा आणि सातमध्ये आहे. पाच म्हणजे बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे राहील. सहा म्हणजे उजवीकडे. सात म्हणजे वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. वादळ फार तीव्र असेल तर हेच तीन अर्थ आठ, नऊ आणि दहा या आकड्यांना. शेवटचा अकरा नंबर सांगतो की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला. बावटा म्हणतात खरं, पण मूळ पद्धत दिवसा शंकू आणि दंडगोल टांगायची, रात्री लाल-पांढरे दिवे. पश्चिम किनाऱ्यावर असे इशारे १८८० मध्ये सुरू झाले आणि त्या पहिल्या मोजक्या बंदरांत मुंबई-कराचीच्या बरोबरीने रत्नागिरी आणि वेंगुर्ला होती. अक्षरओळख नसलेल्या तांडेलालाही डोलकाठीवरच्या दोन आकारांवरून कळत असे, वादळ आपल्याला कुठली कूस दाखवणार ते.

एवढी ताकद येते कुठून? उकडीचे मोदक करणाऱ्या कुणालाही विचारा. उकळतं पाणी हातावर उडालं तर चटका बसतो, पण मोदकपात्राचं झाकण उघडताना वाफ लागली तर कातडी सोलून निघते. तीस अंशांचं पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सुमारे आठपट त्याची वाफ करायला लागते. ती उष्णता वाफेत दडून राहते आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना मोकळी होते. समुद्राचा पृष्ठभाग साडेसव्वीस अंशांच्या वर गेला की हे मोदकपात्र पेटतं. वाफ वर चढते, ढगात तिचं पाणी होतं, उष्णता सुटते, हवा आणखी वर उसळते, खाली दाब घटतो, चहूकडून नवी दमट हवा धावून येते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ आत न येता वळसा घेते. वादळ जमिनीवर आलं की पहिली रसद तुटते ती वाफेची.

मग जुलैत वादळं का नाहीत? समुद्र तर तेव्हाही तापलेला असतो. पण मोसमी पावसाच्या दिवसांत खालचा वारा नैऋत्येकडून आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरचा पूर्वेकडून वाहतो. वादळाचा खांब उभा राहायच्या आतच दोन्ही मिळून त्याला तिरका करतात. म्हणून वादळं येतात ती मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे एकदा हापूस झाडावर असताना आणि एकदा भात कापायला आलेलं असताना. याला खोडसाळपणाच म्हणावं लागेल.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा मासेमारीचा हंगाम रंगात होता, होड्या खोल समुद्रात होत्या. रत्नागिरीच्या कित्येक घरांतली माणसं परतली नाहीत. आजही किनाऱ्यावर ‘फयानच्या आधी’ आणि ‘फयाननंतर’ असा काळ मोजणारी माणसं भेटतात. २०१९ च्या दिवाळीत क्यार किनाऱ्याच्या दिशेने आलं, आपल्याकडे पाठ फिरवून पश्चिमेला गेलं आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भर समुद्रात महाचक्रीवादळ झालं. आपल्या वाट्याला त्याचा पाऊस आणि आडवं झालेलं भात. फयान, क्यार आणि मग २०२१ चं तौक्ते ही तिन्ही नावं म्यानमारने सुचवलेली. क्यार म्हणजे वाघ, तौक्ते म्हणजे पाल. वाघ लांबून गुरगुरून गेला, पालीने मात्र दाणादाण उडवली.

त्या पालीच्या वाटेवर पूर्णगडाच्या तटावरचं बोट लावून पाहू. १५ मे २०२१ ला तौक्ते गोव्याच्या नैऋत्येला होतं. अशा वेळी पूर्णगडावर वारा आग्नेयेकडचा, जमिनीवरून येणारा. पाठ तिकडे केली की बोट नैऋत्येला. १६ तारखेला ते समोरून गेलं. वारा दक्षिणेकडे फिरला, बोट पश्चिमेला. त्याच्या केंद्रातला दाब पुढे ९५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला, आणि एक हेक्टोपास्कल उतरला की खालचं पाणी जवळपास एक सेंटिमीटर फुगतं. म्हणजे नुसत्या दाबाने डोळ्याखाली अर्ध्या मीटरहून उंच पाण्याची टेकडी, आणि ती वादळाबरोबर चालत निघालेली. १७ ला ते मुंबईच्या पश्चिमेला पोचलं. त्याच्या उजव्या कुशीत, हिरा तेलक्षेत्राजवळ, ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. पूर्णगडावर तोवर वारा नैऋत्येकडून, थेट खाडीच्या तोंडात शिरणारा, आणि बोट वायव्येला. त्याच रात्री दीव-ऊनाजवळ वादळ जमिनीवर चढलं, तेव्हा ते बोट वायव्येकडून आणखी उत्तरेकडे झुकलं असतं.