अहवालात ‘ओ’, अंगात ‘बॉम्बे’

माळशिरसला रक्तगट तपासायचा तर रक्ताच्या थेंबांत अँटी-ए, अँटी-बी ही द्रावणं मिसळतात. गुठळ्या झाल्या नाहीत, की अहवालात ‘ओ’. बहुतेकदा ते खरंच असतं.

१९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वेगळंच रक्त नोंदवलं: ‘बॉम्बे’ रक्तगट. दिसायला ‘ओ’, पण त्याला ‘ओ’ रक्तही चालेना! रक्तपेशींवरचे ए आणि बी हे दोन्ही घटक एच नावाच्या पायावर उभे राहतात. हा पाया घालणारं जनुक म्हणजे एफयूटी-१. त्यात एक अक्षर बदललं आणि तशीच प्रत आई-वडील दोघांकडून आली, तर एच तयारच होत नाही. मग प्रतिकारशक्ती एचलाच शत्रू मानते. आणि ‘ओ’ रक्तात एच सर्वाधिक. चुकून चढवलं तर जिवावर बेततं.

युरोपात असे लोक दहा लाखांत एखादे, भारतात सुमारे १०,००० मागे एक. नात्यात लग्नं होतात तिथे शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी सोयरीक आपल्याकडे काही नवी नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या भारतीय वंशाच्या कुटुंबांतही हाच बदल सापडला.

खात्रीसाठी रुग्णाच्या रक्तद्रवात ‘ओ’ पेशी मिसळतात. गुठळ्या झाल्या, की रक्तासाठी आधी सख्ख्या भावंडांना बोलावतात: प्रत्येकाचा गट जुळण्याची शक्यता किमान चारात एक.