स्ट्रोकर इंजिन आपल्या चाकणलाही घडलंय!

स्ट्रोकर, म्हणजे लांब स्ट्रोकचा क्रँक बसवून क्षमता वाढवलेलं इंजिन, म्हटलं की अमेरिकन स्पोर्ट्स कार आठवतात. शेवरोलेच्या ३५० घनइंची ब्लॉकचे सिलिंडर किंचित बोअर करायचे, ४०० घनइंची इंजिनाचा क्रँक त्याचे जर्नल घासून बसवायचा, की झालं ३८३!

पण केटीएम ३९० ड्यूक बघा, बजाजच्या चाकण कारखान्यातली. २०२३ च्या नव्या पिढीत बोअर ८९ मिमीच राहिला, स्ट्रोक ६० चा ६४ झाला आणि ३७३ सीसीचे ३९९ झाले. टॉर्क ३७ वरून ३९ न्यूटन-मीटर. मला हे फार देखणं काम वाटतं.

मात्र ९००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटरवरून १९.२ वर जातो. रॉडवरचा ताण वाढतो.

कुणी जुन्या इंजिनात असा ४ मिमी जास्त स्ट्रोकचा क्रँक टाकणार असेल, तर पिस्टन २ मिमी वर येतो हे धरून पिस्टनची उंची आणि कॉम्प्रेशन आधी मोजा.