तोंडी परीक्षेत काय विचारतात, आणि आपली मुलं गप्प का बसतात



नरडाण्याच्या अभ्यासिकेसाठी आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकं दिली, खुर्च्या दिल्या, दोन उन्हाळ्यांपूर्वी पंखेही दिले. त्यामुळे भेटल्यावर तुम्ही विचारता ते रास्तच आहे: "ताई, मुलं लेखी परीक्षा पास होतात ना? मग पुढं कुठं अडतात?" काही जण कागदपत्रांत अडतात, काही मैदानी चाचणीत. पण लेखीत चांगले गुण असूनही काही जण मुलाखतीच्या खोलीतून मान खाली घालून परत येतात. या अंकात त्या खोलीबद्दल लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळ्याच सरकारी नोकऱ्यांना मुलाखत नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. आपल्याकडेही तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), वनरक्षक, पोलीस शिपाई या भरतीत मुलाखत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "मुलाखतीत सेटिंग करून देतो" म्हणत वस्त्यांवर फिरणारे लोक आहेत, आणि बकरी विकून त्यांना पैसे देणारे आईबापही आहेत. जिथं मुलाखतच नाही तिथं सेटिंग कसली? आपल्या ओळखीत कुणी असं फसत असेल तर कृपा करून थांबवा.

मुलाखत कुठं असते? गावच्या पोलीस पाटलाच्या निवडीत लेखी ८० गुणांची आणि तोंडी २० गुणांची. पोलीस उपनिरीक्षकासाठी मुलाखतीला ४० गुण. राज्यसेवेत, म्हणजे तहसीलदार, उपजिल्हाधिकारी वगैरे पदांसाठी, नव्या पद्धतीत लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५. अर्ध्या-एका गुणाने यादी खालीवर होते, तेव्हा हे आकडे लहान नाहीत.

आता ती मुलाखत कसली असते ते पाहू. पूर्वी लोकांची समजूत अशी होती की साहेब सामान्यज्ञान विचारतात, राजधान्या आणि मंत्र्यांची नावं. ते तर लेखीत तपासून झालेलं असतं. खोलीत पाहायचा असतो तो माणूस. १९७३ साली डेव्हिड मॅक्लेलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, बुद्धीच्या चाचणीतले गुण पाहून माणूस नोकरीत कसा वागेल ते कळत नाही. त्या कामाला लागणारी क्षमता त्याच्यात आहे का ते पाहा. आणि ती पाहायची कशी? त्याने आजवर प्रत्यक्ष काय केलं ते बारकाईने विचारायचं. पुढे ही पद्धत जगभरच्या कंपन्यांनी आणि सरकारांनी उचलली. आपल्याकडे केंद्रीय लोकसेवा आयोग मुलाखतीला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो, आणि त्यात काय पाहणार तेही छापून देतो: मनाची तरतरी, मुद्देसूद बोलणं, समतोल निर्णय, लोकांना एकत्र आणण्याची आणि नेतृत्वाची ताकद, सचोटी. ही उलटतपासणी नसून हेतू ठेवून केलेलं साधं संभाषण आहे, असंही आयोग सांगतो.

या गुणांचा प्रत्यक्ष कामाशी संबंध काय, याचं उदाहरण जवळच आहे. डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले. डॉक्टर झाले, मग आयएएस झाले. ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना पहिली लाट ओसरल्यावर जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभे राहिले. २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि मोठमोठ्या शहरांत ऑक्सिजनसाठी धावपळ चालली, तेव्हा नंदुरबारची तयारी आधीच झालेली होती. समतोल निर्णय म्हणतात तो हा.

पॅनल दोन तऱ्हेने विचारतं. एक, "असं झालं तर तुम्ही काय कराल?" दुसरं, "असं कधी झालं होतं का? तेव्हा तुम्ही काय केलंत?" पहिल्याचं उत्तर क्लासच्या नोट्समध्ये मिळतं. दुसऱ्याचं कुठल्याच नोट्समध्ये मिळत नाही. आणि माझ्या अनुभवात आपली मुलं नेमकी दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसतात.

आमच्याकडे येणारी एक बाई आहे. भिल्ल वस्तीत राहते, बारावी शिकलेली, दोन लेकरांची आई. नवरा एमआयडीसीत कामाला. तिने आपल्या गावच्या पोलीस पाटील पदासाठी अर्ज केला आहे. सरावात मी विचारलं, "गावात दोन घरांचा वाद झाला तर काय कराल?" ती म्हणाली, "शांततेने समजूत काढेन आणि वरिष्ठांना कळवेन." उत्तर बरोबर आहे, पण त्या दिवशी येणाऱ्या सगळ्या उमेदवारांचं तेच असणार. मग विचारलं, "तुम्ही स्वतः कधी कुणाचं भांडण मिटवलंय का?" "नाही ताई. मी कुठं?"

अर्ध्या तासाने, चहा पिताना, हातपंपाची गोष्ट निघाली. उन्हाळ्यात वस्तीच्या एकाच हातपंपावर रोज हाणामारीची वेळ यायची. हिने लेकराच्या वहीचं पान फाडून घरांची नावं लिहिली, पाळ्या लावल्या, पहिल्या फेरीत घरटी दोनच हंडे असं ठरवलं. एका घराने ऐकलं नाही. ही त्या घरातल्या पुरुषांशी भांडायला गेली नाही; म्हातारीकडे गेली, कारण पाणी कमी पडलं की बोलणी तीच खायची. म्हातारीने घर वळवलं. तीन उन्हाळे ती यादी चालली. आणि ही म्हणते, मी कधी भांडण मिटवलं नाही!

दुसरा एक मुलगा. उपनिरीक्षकाची लेखी आणि मैदानी दोन्ही पार करून आला. घरचे दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. अकरावी-बारावीच्या काळात तोही गेलेला. "जबाबदारीचं काय काम केलं?" यावर त्याचं उत्तर, "काही नाही, मजुरी केली." खोदून विचारल्यावर कळलं की टोळीतल्या अकरा कोयत्यांचा हिशोब हाच लिहायचा. कुणाची उचल किती, कुठल्या गाडीत किती टन, सगळं तारीखवार. हंगाम संपल्यावर मुकादमाच्या डायरीत आणि याच्या वहीत फरक निघाला. सतरा वर्षांच्या या पोराने आवाज न चढवता कारखान्याच्या काट्याच्या पावत्या एकेक करून समोर ठेवल्या. दोन कुटुंबांचे कापलेले पैसे परत मिळाले. पोलीस अधिकाऱ्यात आणखी काय पाहिजे? पुरावा जपला, दबावाखाली डोकं शांत ठेवलं, आणि दुबळ्याच्या बाजूने उभा राहिला. पण त्याच्या लेखी ते "नुसतं हिशोब लिहिणं" होतं.

याचं कारण मला असं वाटतं. मोठ्या शाळेतल्या मुलाला स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन केलं तरी प्रमाणपत्र मिळतं; म्हणून ते "काम" आहे हे त्याला कळतं. आमच्या मुलांनी घर चालवलं, लहान भावंडं वाढवली, आजीला धुळ्याच्या सिव्हिलला नेऊन केसपेपरपासून रक्ताच्या बाटलीपर्यंत सगळं केलं. त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही.

दुसरं कारण भाषेतलं आहे. आमची मुलं "मी" म्हणत नाहीत, "आम्ही" म्हणतात. "आम्ही बंधारा बांधला." ही चांगली सवय आहे आणि ती मोडावी असं मला वाटत नाही. फक्त पॅनलसमोर त्या "आम्ही"मध्ये तुझा वाटा कोणता ते वेगळं सांगता आलं पाहिजे. मुलांना वाटतं ही बढाई होईल. तेव्हा मी त्यांना साक्षीचं उदाहरण देते. आपल्या मंडळीत साक्ष ऐकायची सवय सगळ्यांनाच आहे. कुठली साक्ष मनाला भिडते? कधी, कुठं, काय झालं हे सरळ सांगणारी. जी व्यक्ती फुगवून सांगते तिच्या वेळी मागच्या बाकावर चुळबुळ सुरू होते. पॅनलही असंच ऐकतं.

सराव आम्ही अहिराणीतच सुरू करतो. तीन प्रश्न: काय हुयनं? तू काय करं? मंग काय हुयनं? पहिल्याला दोन वाक्यं पुरे, तिसऱ्यालाही दोन. सगळा वेळ मधल्या प्रश्नाला द्यायचा. मुलं नेमकं उलट करतात; घटनेचं वर्णन पाच मिनिटं आणि स्वतःचं काम एका वाक्यात. प्रत्येकाने एक साधी वही करायची आणि तिच्यात आयुष्यातले आठ-दहा प्रसंग लिहायचे: भांडण, आजारपण, पैशाची अडचण, कुणाला शिकवलेलं, एखादा मोहाचा क्षण, आणि जे जमलं नाही तेही. "तुमचं अपयश सांगा" हा प्रश्न हमखास येतो. "माझा स्वभाव फार प्रामाणिक आहे, तेच माझं अपयश" असली क्लासची उत्तरं ऐकून पॅनलचे कान किटले असतील. खरं काही चुकलं असेल ते सांगावं आणि त्यानंतर काय बदललं तेही.

खोटा प्रसंग रचू नये, हे मी ख्रिस्ती म्हणून सांगतेच, पण व्यवहार म्हणूनही सांगते. पॅनल दुसरा प्रश्न विचारतं, मग तिसरा. "तेव्हा किती वाजले होते? सोबत कोण होतं? त्यांनी ऐकलं नसतं तर?" घडलेली गोष्ट असेल तर माणूस आणखी मोकळा होतो. रचलेली असेल तर तिसऱ्या प्रश्नाला घाम फुटतो.

स्वतःच्या गावाची माहिती हवी, हेही आलं. "नरडाण्याहून आलात? काय आहे तिथं?" असा प्रश्न हसत येतो आणि त्यावरच मुलं अडखळतात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग, एमआयडीसी, बोरविहीर-नरडाणा नवा लोहमार्ग, तापीवरचा सुलवाडे बॅरेज, कापूस. एवढं तरी सांगता यावं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल कसं राखलं आणि चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री का मिळाली, हे आदिवासी उमेदवाराला माहीत नसेल तर ते बरं दिसत नाही.

समाजाबद्दलही विचारतात, आणि कधी प्रश्न टोचतो. उपनिरीक्षकाच्या उमेदवाराला भिल्लांच्या "गुन्हेगारी"बद्दल विचारलं तर? चिडू नये, ओशाळूही नये. १८२५ मध्ये आउट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. बंदोबस्ताच्या कामात हा समाज दोनशे वर्षांपासून आहे. आणि १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला खाज्या नाईक आधी सेंधवा घाटाच्या चौकीवरच नोकरीला होता. इतिहास ठाऊक असला की आवाज आपोआप सरळ राहतो.

भाषेची भीती मात्र उगाच आहे. राज्याच्या मुलाखतीत मराठी चालते, आणि केंद्रीय आयोगाकडे मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते. उच्चारात अहिराणीची झाक आली तर येऊ द्यावी. "माहीत नाही सर" हे तीन शब्द मात्र न घाबरता म्हणता यायला हवेत. आमच्याकडे त्याचाही सराव होतो.

आता तुमच्याकडे मागणं. आम्हाला पैशापेक्षा माणसं हवी आहेत. सरावाच्या पॅनलला अनोळखी चेहरे लागतात. माझ्यासमोर मुलं घाबरत नाहीत, त्यामुळे माझा उपयोग कमी. आपल्या मंडळ्यांत निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सिस्टर आहेत, बँकेतले, रेल्वेतले लोक आहेत. महिन्यातून एका रविवारी, उपासनेनंतर, दोन तास द्या. टेबलापलीकडे तीन जण बसतील, मूल दार वाजवून आत येईल, "बसा" म्हटल्यावर बसेल. तुम्ही त्याचं मराठी दुरुस्त करायचं नाही, उपदेश करायचा नाही. एवढंच विचारत राहायचं: "मग तुम्ही काय केलंत?" आणि तो विचार करत असताना गप्प राहायचं, हे आपल्याला सगळ्यात जड जातं.

कागदपत्रं तपासून देणारा एखादा जाणकारही हवा. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, आणि शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, ही अडचण निम्म्या मुलांची आहे. ती मुलाखतीच्या आदल्या दिवशी सुटत नाही.

हातपंपाच्या यादीवाल्या बाईची तोंडी पुढच्या महिन्यात होण्याची चिन्हं आहेत. मागच्या सरावात तिने ती गोष्ट सव्वादोन मिनिटांत सांगितली, पण म्हातारीकडे का गेली ते सांगायचं राहून गेलं. येत्या रविवारी ती पुन्हा बसणार आहे. पॅनलमध्ये दोन खुर्च्या अजून रिकाम्या आहेत.