भट्टीवरचे परप्रांतीय

चंद्रपूरजवळ घुग्घुस, ताडाळीला स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. भट्टीत हजार अंशांच्या आसपास धग, बाहेर मे महिन्याचं 45 अंशांचं ऊन, नाकातोंडात काळी धूळ. बिहार-झारखंडचा मजूर इथे येतो तो बहुतेकदा ठेकेदारामार्फत, गावीच उचल घेऊन. उचल पगारातून कापली जाते. हिशेबाची वही मात्र ठेकेदाराकडे. मग बारा तासांच्या पाळीचे जादा पैसे मागणार कोण?

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात अशा मजुरांना प्रवासखर्चासोबत विस्थापन भत्ताही होता. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेने तो भत्ता वगळला, हे अन्यायाचंच आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, ही तरतूद टिकली आहे. त्यासाठी वेतनचिठ्ठी जपून ठेवावी, नसल्यास कामगार कार्यालयात लेखी तक्रार करावी.