शुल्क नाही, श्रम मात्र सर्वांना : बेरिया महाविद्यालयातील विद्यार्थिजीवन

अमेरिकेतील उच्च शिक्षणाचा खर्च आणि त्यासाठी काढावे लागणारे कर्ज हा तेथील कुटुंबांच्या चिंतेचा विषय आहे. त्याच देशात केंटकी राज्यातील बेरिया या लहानशा गावातील महाविद्यालयाने १८९२ पासून विद्यार्थ्यांकडून शिक्षण शुल्क घेतलेले नाही. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांच्या या निवासी महाविद्यालयात प्रवेशासाठी गुणवत्तेबरोबरच आर्थिक गरज हीदेखील अट आहे. श्रीमंत कुटुंबातील विद्यार्थ्याला, तो कितीही हुशार असला तरी, येथे सहसा प्रवेश मिळत नाही. प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला मात्र अभ्यासाबरोबर काम करावे लागते.

लिबरल आर्ट्स म्हणजे काय?

लिबरल आर्ट्स महाविद्यालय म्हणजे केवळ कला शाखेचे महाविद्यालय नव्हे. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, विज्ञान आणि ललित कला यांचा व्यापक पाया घालून मगच एका विषयात प्रावीण्य मिळवावे, अशी या शिक्षणामागील धारणा आहे. विद्यार्थिसंख्या मर्यादित, वर्ग लहान आणि अध्यापकांचा सहवास निकटचा असतो. बहुतेक विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारातच राहतात. अमेरिकेतील अशी अनेक महाविद्यालये अत्यंत महागडी आहेत. बेरियाने हेच शिक्षण प्रामुख्याने ॲपलाचिया या डोंगराळ आणि दीर्घकाळ दारिद्र्याने ग्रासलेल्या प्रदेशातील मुलामुलींसाठी खुले केले.

आठवड्याला किमान दहा तास काम

पहिल्या वर्षी महाविद्यालय विद्यार्थ्याला काम नेमून देते. पुढील वर्षांत आवड आणि अनुभव यांनुसार ते बदलता येते. आठवड्याला किमान दहा तास काम करणे सर्वांना बंधनकारक आहे. कोणी ग्रंथालयात, कोणी शेतावर, कोणी प्रयोगशाळेत, तर कोणी महाविद्यालयाच्या मालकीच्या बून टॅव्हर्न या हॉटेलात काम करतो. विणकाम, लाकूडकाम आणि झाडू बनविणे या हस्तव्यवसायांची येथे जुनी परंपरा असून झाडू बनविण्याची कार्यशाळा १९२० पासून सुरू आहे. विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या वस्तूंची विक्रीही होते.

कामाचा मोबदला मिळतो आणि त्यातून निवास, भोजन व पुस्तकांच्या खर्चाला हातभार लागतो. परीक्षेप्रमाणेच कामाचेही मूल्यमापन होते. काम वारंवार चुकविणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. साहजिकच दिवस भरगच्च असतो. परीक्षेच्या काळात अभ्यास आणि कामाची वेळ यांचा मेळ घालणे सोपे नसते. ऑक्टोबरमधील ‘माउंटन डे’ला मात्र वर्ग बंद ठेवून सारे जवळच्या डोंगरावर जातात.

या व्यवस्थेचे मर्म कामाच्या तासांपेक्षा त्याच्या सार्वत्रिकतेत आहे. इतरत्र शिकता शिकता काम करणारा विद्यार्थी हा गरीब म्हणून ओळखला जातो. भोजनगृहात एक विद्यार्थी वाढतो आणि दुसरा जेवतो, तेव्हा दोघांतील अंतर सर्वांना दिसते. बेरियात वाढणारा आणि जेवणारा या दोघांनाही काम आहे. त्यामुळे श्रम ही गरिबीची खूण राहत नाही.

समतेसाठी मोजलेली किंमत

या समतेला इतिहास आहे. गुलामगिरीचे विरोधक धर्मोपदेशक जॉन फी यांनी १८५५ मध्ये ही संस्था स्थापन केली. १८५९ मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांनी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथून हुसकावून लावले. यादवी युद्धानंतर ते परतले. १८६६ मध्ये संस्थेत १८७ विद्यार्थी होते. त्यांपैकी ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ श्वेतवर्णीय होते.

केंटकीने १९०४ मध्ये कायदा करून दोन्ही वर्णांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविण्यास बंदी घातली. महाविद्यालयाने न्यायालयात दाद मागितली. परंतु १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरविला. बेरियाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट ही स्वतंत्र संस्था उभारण्यास साहाय्य केले. १९५० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतरच त्यांच्यासाठी बेरियाचे दरवाजे पुन्हा उघडले. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे नामवंत अभ्यासक कार्टर वुडसन हे या बंदीपूर्वी, १९०३ मध्ये, येथून पदवीधर झाले होते.

खर्च कसा भागतो?

केवळ विद्यार्थ्यांच्या श्रमावर महाविद्यालय चालत नाही. मृत्युपत्राद्वारे मिळणाऱ्या बिनशर्त देणग्या खर्च न करता स्थायी निधीत जमा करण्याचे धोरण १९२० मध्ये स्वीकारण्यात आले. हा निधी आता एक अब्ज डॉलरहून अधिक असून वार्षिक खर्चाचा मोठा भाग त्याच्या उत्पन्नातून भागतो. २०१७ मध्ये अमेरिकेने श्रीमंत महाविद्यालयांच्या निधीवर कर लावला, तेव्हा शुल्क न घेणारे बेरियाही त्या कक्षेत आले. पुढील वर्षी शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या हा निकष ठरल्याने त्याला सूट मिळाली.

साताऱ्याशी साम्य

मराठी वाचकांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र श्रम करीत. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला उच्च शिक्षणात स्थान मिळाले. दोन्ही संस्था स्वतंत्रपणे वाढल्या; मात्र दोन्हीकडे श्रमाचा संबंध समतेशी जोडला गेला.

आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. तिचा लाभ प्रामुख्याने गरजू विद्यार्थी घेतात, आणि अनेकांच्या शिक्षणाचा तो आधार आहे. बेरियाचा अनुभव त्यापुढचा प्रश्न विचारतो : काम फक्त गरजूंनीच का करावे? सर्वांच्या हाती झाडू असेल, तर तो कोणाच्या हाती आहे याला महत्त्व उरत नाही.