क्रेडिट म्हणजे जमा की उधार?

आज एका इंग्रजी शब्दावर बोलू या. शब्द आहे क्रेडिट. आपली शाळा चौथीत सुटलेली असो नाहीतर बारावीला, हा शब्द आता आपल्या घरात येऊन बसला आहे. मोबाईलवर मेसेज येतो, ‘क्रेडिट झाले’. बँकेचे साहेब म्हणतात, ‘तुमच्या गटाचं कॅश क्रेडिट मंजूर झालं’. दुकानदार म्हणतो, ‘पापड क्रेडिटवर द्या’. आणि गावात पाण्याची टाकी उभी राहिली की भांडण लागतं, क्रेडिट कुणाचं? पहिल्या ठिकाणी पैसे आले. दुसऱ्या ठिकाणी कर्ज झालं. तिसऱ्या ठिकाणी आपणच उधारी दिली. चौथ्या ठिकाणी तर पैशाचा संबंधच नाही.

जमा आणि उधार ही तर उलटी टोकं, मग दोन्हींना एकच शब्द कसा? हा शब्द मुळात लॅटिन भाषेतला आणि त्याचा अर्थ विश्वास ठेवणं. हे धरून ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं. आपल्या मराठीत याला फार नेमका शब्द आहे, पत. ‘बाजारात त्याची पत आहे’ म्हणजे त्याला कुणीही माल देईल, पैसे बुडणार नाहीत. त्याच शब्दावरून पतपेढी, पतसंस्था. गावात आपण नुसतं ‘सोसायटी’ म्हणतो, तिचं सरकारी नाव कृषी पतपुरवठा सहकारी संस्था असं लांबलचक असतं. या संस्थांसाठी आपल्या देशात पहिला कायदा १९०४ साली झाला आणि त्याच्या इंग्रजी नावातही हा क्रेडिट होताच.

आता पासबुक उघडू. त्यात सीआर आणि डीआर अशी अक्षरं असतात. सीआर म्हणजे क्रेडिट, मराठीत जमा. डीआर म्हणजे डेबिट, मराठीत नावे. पासबुक आपल्या हातात असलं तरी ते लिहिलेलं असतं बँकेच्या बाजूनं. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. एका ताईनं २०० रुपये बचत दिली. आपण वहीत तिच्या नावापुढे २०० जमा लिहितो. पैसे गटाच्या पेटीत आले, पण ते तिचे आहेत, गट तिला ते देणं लागतो. तिनं गटावर विश्वास टाकला. बँकही आपल्या पैशाबाबत नेमकं हेच लिहिते. म्हणून बचत खात्यावर शिल्लक सीआर असेल तर ते पैसे आपले.

कर्जखात्यावर मात्र उलट. समजा गटाला तीन लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मिळाली, आपण त्याला सीसी म्हणतो. त्यातले १,२०,००० आपण उचलले. आता त्या खात्यावर शिल्लक दिसेल १,२०,००० डीआर. ‘शिल्लक’ हा शब्द वाचून जीव हरखतो, पण ही शिल्लक म्हणजे आपलं देणं आहे. राहिलेले १,८०,००० हेसुद्धा आपले पैसे नव्हेत, ती नुसती उचलायची मुभा. सीसीचा फायदा असा की व्याज उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं लागतं. २०,००० भरले की त्यांची नोंद सीआर अशी पडते आणि देणं तेवढं उतरतं. म्हणून बैठकीत पासबुक वाचताना नुसता आकडा वाचू नका. आधी खातं कोणतं ते वाचा, मग आकडा, मग त्याच्या पुढची दोन अक्षरं. अध्यक्ष, सचिवांनीच नव्हे, आळीपाळीनं सगळ्यांनी वाचावं असं आमचं मत आहे.

मोबाईलवरच्या ‘क्रेडिट झाले’ या मेसेजचंही तसंच. पैसे आले एवढंच तो सांगतो. पगाराचे आले, अनुदानाचे आले की एखाद्या ॲपनं गळ्यात मारलेल्या कर्जाचे आले, हे आपल्यालाच बघावं लागतं. आणि कधीकधी मेसेजच खोटा असतो. मग फोन येतो, ‘ताई, चुकून तुमच्या खात्यात पाच हजार क्रेडिट झाले, लेकरू दवाखान्यात आहे, परत पाठवा.’ अशा वेळी मेसेजवर जाऊ नका, खात्यावरची शिल्लक तपासा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. जिथे पिन मागितला तिथे पैसे जाणार, येणार नाहीत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर तितके पैसे हाती लागणं अवघड.

कार्डाचं थोडक्यात सांगतो. आपण ज्याला एटीएम म्हणतो ते डेबिट कार्ड, त्यातून आपलेच पैसे निघतात. क्रेडिट कार्डवर बँकेचे पैसे निघतात, ते मुदतीत फेडायचे असतात. शेतकऱ्यांचं किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झालं. नावात कार्ड असलं तरी ते पीककर्जच.

याहून महत्त्वाचा आहे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या पतीची नोंदवही. (पतीची म्हणजे पत या शब्दाची बरं का, घरधन्याची नव्हे!) आपण कोणतं कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले का, हे सगळं बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्या पत माहिती कंपन्यांना कळवतात. देशात अशा चार कंपन्या आहेत. त्यातली सिबिल आपल्या ओळखीची, म्हणून लोक सरसकट ‘सिबिल खराब झालं’ म्हणतात. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो, जितका मोठा तितकी पत चांगली. गटाच्या कर्जातली सदस्यांची माहितीही बँकांनी कळवावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१६ साली सांगितलं. तेव्हा ‘माझ्या नावावर उचल, हप्ता मी भरते’ असं जाऊबाई म्हणाली तरी नोंद ज्याच्या नावावर कर्ज त्याच्याच खात्यात. जामीन राहिलेल्या कर्जाचीही नोंद आपल्या रिपोर्टमध्ये येते. यातली प्रत्येक कंपनी वर्षातून एकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट देते. तो मागवून बघा. फिटलेलं कर्ज अजून बाकी दिसत असेल तर त्या बँकेकडे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करता येते.

आता आपल्या पापड-मसाल्याकडे. दुकानदार क्रेडिटवर माल मागतो तेव्हा सावकार आपण असतो, फक्त व्याज न घेणारा सावकार! किती दिवसांची उधारी ते बिलावर लिहून घ्या आणि पोचसही घ्या. आपल्या व्यवसायाची उद्यम नोंदणी केलेली असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याचा आधार मिळतो. त्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही आणि करार नसेल तर १५ दिवस. शेजारच्या किराणावाल्यावर कुणी कायदा दाखवायला जात नाही हे आम्हालाही कळतं, पण शहरातल्या मोठ्या खरेदीदाराशी बोलताना हे माहीत असलेलं बरं.

लेकीच्या कॉलेजच्या गुणपत्रिकेवरही क्रेडिट असतात. मराठीत त्यांना श्रेयांक म्हणतात. वर्गातल्या शिकवणीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात साधारण १५ तास. ते एका ‘बँकेत’ साठतातही, त्यातून पैसे मात्र निघत नाहीत! लग्नामुळे किंवा बाळंतपणामुळे शिक्षण मध्येच थांबलं तर साठलेले श्रेयांक पुढे उपयोगी पडू शकतात, म्हणून कॉलेज सोडताना त्यांची चौकशी करायला तिला सांगा.

राहिलं श्रेय. सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात ती श्रेयनामावली, चहावाल्या पोऱ्याचंही नाव असतं त्यात. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत मात्र ‘सर्वानुमते काम पूर्ण झाले’ एवढंच एक वाक्य असतं. टाकीसाठी पंचायत समितीत सात खेपा कुणी घातल्या, अर्ज कुणी लिहिला, खोदकामावर उन्हात कोण उभं राहिलं, ते नावानिशी आणि तारखेनिशी लिहीत जा. पुढच्या कामाला माणूस निवडताना आणि ‘हे आम्ही केलं’ म्हणत कुणी फलक लावायला आलं तर तीच वही पुढे करता येते.